तृणधान्यांतील कवकविषे : विषाक्ततेचे स्वरूप आणि भारतातील चार उद्रेकांचा बोध

१. प्रस्तावना

तृणधान्ये हा भारतीय आहाराचा पाया आहे. ज्वारी, बाजरी, मका, गहू व तांदूळ यांपैकी एखादे धान्य बहुतेक कुटुंबांच्या दोन्ही वेळच्या जेवणात असते, आणि गरीब कुटुंबांत तर दिवसभराच्या अन्नाचा फार मोठा भाग एकाच धान्याने भरून निघतो. अशा धान्यावर बुरशी वाढली म्हणजे त्याची चव, रंग व पोषणमूल्य बिघडते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु काही बुरशी धान्यात वाढताना विषारी रासायनिक संयुगे तयार करतात आणि ही विषे बुरशी नाहीशी झाल्यावरही दाण्यात टिकून राहतात, ही बाब तितकीशी परिचित नाही. या संयुगांना कवकविषे अथवा बुरशीजन्य विषे असे म्हणतात.

कवकविषांचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. रसायनशास्त्रज्ञ विषाच्या रेणूची रचना आणि त्याची पेशीवरील क्रिया पाहतो. अन्नसुरक्षा अधिकारी एक किलो धान्यात ते किती मायक्रोग्रॅम आहे हे पाहतो. दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत, पण त्यांतून एक प्रश्न सुटून जातो. हे विष प्रत्यक्षात कोणाच्या ताटात पडते आणि का पडते? प्रस्तुत लेखात प्रमुख कवकविषांच्या विषाक्ततेचे स्वरूप स्पष्ट करून १९५६ ते १९९५ या काळात भारतात झालेल्या चार उद्रेकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

२. कवकविषे : संकल्पना व पूर्वपीठिका

धान्यावरील बुरशीचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग शेतातील बुरशींचा. फ्युझेरियम व क्लॅव्हिसेप्स या प्रजाती पीक उभे असतानाच कणसाला ग्रासतात. दुसरा वर्ग साठवणीतील बुरशींचा. त्यात ॲस्परजिलस व पेनिसिलियम या प्रजाती प्रामुख्याने येतात. ही विभागणी काटेकोर नाही. अवर्षणाचा ताण पडलेल्या अथवा किडीने पोखरलेल्या मक्याच्या कणसात ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी शेतातच शिरते आणि पुढे ओलसर कणगीत तिची जोमाने वाढ होते.

धान्यातून होणाऱ्या विषबाधेचा इतिहास जुना आहे. मध्ययुगीन युरोपात राय या धान्यावरील अरगट बुरशीमुळे हातपाय काळे पडून झडण्याच्या साथी येत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संघातील ओरेनबर्ग भागात अन्नटंचाईमुळे हिवाळाभर बर्फाखाली राहिलेले धान्य लोकांनी वेचून खाल्ले. त्यातील फ्युझेरियमच्या विषांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटून असंख्य माणसे मृत्युमुखी पडली.

तथापि कवकविषशास्त्र ही स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून उदयास आली ती १९६० नंतर. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मरण पावले. कारण न कळल्याने त्या रोगास ‘टर्की एक्स’ असे नाव देण्यात आले. पुढे हे पक्षी ज्या खाद्यावर पोसले होते त्यातील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष आढळले आणि बुरशीच्या नावावरूनच त्यास ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. अतिनील प्रकाशात निळे चमकणारे ते ‘बी’ आणि हिरवे चमकणारे ते ‘जी’ अशी त्याच्या प्रकारांची नावे पडली. त्यांपैकी अफ्लाटॉक्सिन बी-१ हे सर्वांत घातक आहे.

३. विषाक्ततेचे स्वरूप

कवकविषांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. परंतु तृणधान्यांच्या बाबतीत पुढील चार गट विशेष महत्त्वाचे ठरतात.

३.१ अफ्लाटॉक्सिन

अफ्लाटॉक्सिन बी-१ हे मूळ रूपात तितकेसे क्रियाशील नसते. ते यकृतात पोहोचल्यावर तेथील एन्झाइमे त्याचे रूपांतर एका अतिक्रियाशील इपॉक्साइडमध्ये करतात. जे यकृत शरीरातील विषे निकामी करते तेच येथे विषाला धार लावते. हे इपॉक्साइड डीएनएमधील ग्वानीन या घटकाला चिकटते. दुरुस्ती होण्यापूर्वी पेशीचे विभाजन झाले तर जनुकीय संकेतात कायमची चूक राहते. अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशांतील यकृत कर्करोगाच्या रुग्णांत पी-५३ या कर्करोगरोधक जनुकाच्या २४९ व्या संकेतस्थानी ठरावीक बदल वारंवार आढळतो. विषाने मागे ठेवलेली ती खूणच होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनांचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे.

एकाच वेळी मोठी मात्रा पोटात गेल्यास यकृताच्या पेशी मरतात व कावीळ, जलोदर, रक्तस्राव अशी तीव्र लक्षणे दिसतात. मात्रा अल्प पण दीर्घकालीन असेल तर कर्करोगाचा धोका वाढतो. प्राण्यांच्या जातीनुसारही परिणामात मोठा फरक पडतो. शरीराच्या प्रतिकिलो वजनास सुमारे ०.३ मिलिग्रॅम इतकी मात्रा बदकाच्या पिलांना मारक ठरते, तर हॅमस्टर या प्राण्याच्या बाबतीत तीच मर्यादा सुमारे १० मिलिग्रॅम आहे. दूषित खाद्य खाणाऱ्या जनावरांच्या दुधात या विषाचे एम-१ हे रूप उतरते. त्यामुळे धान्यातील वा पेंडीतील विष लहान मुलांपर्यंत दुधाच्या वाटेनेही पोहोचू शकते.

३.२ फ्युमोनिसिन

१९८८ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी मक्यावरील फ्युझेरियम बुरशीतून हे विष वेगळे केले. पेशीचे आवरण ज्या स्निग्ध घटकांपासून बनते त्या स्फिंगोलिपिडांच्या घटकद्रव्यांशी या विषाच्या रेणूचे साम्य आहे. या साम्यामुळे ते सिरॅमाइड तयार करणाऱ्या एन्झाइमाचे काम रोखते. परिणामी घोड्यांच्या मेंदूतील श्वेतद्रव्य विरघळते आणि डुकरांच्या फुफ्फुसांत पाणी साठते. एकाच विषाने दोन प्राण्यांत दोन निराळ्या अवयवांवर घाव घालावा, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पेशींत फोलेट शिरण्याच्या क्रियेतही ते अडथळा आणते. त्यामुळे गर्भाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोषांशी त्याचा संबंध असावा, असे मानले जाते.

३.३ ट्रायकोथेसीन

टी-२, डीऑक्सिनिव्हॅलेनॉल इत्यादी विषे या गटात येतात. ती पेशीतील रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवतात. ज्या ऊतींत पेशी झपाट्याने वाढतात, म्हणजे आतड्याचे अस्तर व अस्थिमज्जा, तेथे त्यांचा परिणाम सर्वप्रथम दिसतो. मळमळ, उलट्या व अतिसार ही लक्षणे काही मिनिटांतच सुरू होऊ शकतात.

३.४ अरगटची अल्कलॉइडे

क्लॅव्हिसेप्स बुरशी फुलोऱ्याच्या वेळी कणसातील अंडाशयात शिरते. प्रथम मधासारखा चिकट स्राव पाझरतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट कठीण गाठ तयार होते. राय धान्यावरील अरगटमधील अल्कलॉइडे रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून युरोपात हातपाय झडत. बाजरीवरील अरगटची बुरशी वेगळी असून तिच्या गाठींत ॲग्रोक्लॅव्हिनसारखी अल्कलॉइडे असतात. त्यांमुळे मळमळ, उलटी, भोवळ व गुंगी येते, पण अवयव झडत नाहीत.

४. भारतातील चार उद्रेक

वरील चारही गटांतील विषांनी भारतात माणसांना बाधा केल्याची नोंद आहे.

४.१ बाजरी : मुंबई राज्य, १९५६-५७

तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटग्रस्त बाजरी खाल्ल्याने लोकांना मळमळ, वारंवार उलट्या, चक्कर व सुस्ती असा त्रास झाला. युरोपातील इतिहास ठाऊक असलेल्यांना हे चित्र अनपेक्षित वाटावे असे होते, कारण येथे हातापायांचा दाह वा कोथ नव्हता. भारतीय अरगटबाधेचे स्वरूप स्वतंत्र आहे हे या उद्रेकाने दाखवून दिले. १९७५ मध्ये राजस्थानात अशीच बाधा पुन्हा झाली.

४.२ मका : पंचमहाल व बांसवाडा, १९७४

गुजरात व राजस्थान यांच्या सीमेवरील आदिवासी पट्ट्यात १९७४ च्या ऑक्टोबरपासून कावीळ व झपाट्याने वाढणारा जलोदर यांची साथ दिसू लागली. ३९७ जणांना बाधा झाली व त्यांपैकी १०६ जण दगावले. ही साथ विषाणूजन्य कावीळ असावी, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक होते. परंतु घरातील अन्नावर वाढणाऱ्या कुत्र्यांनाही जलोदर होऊन ती मरत होती. ही एक बाब अन्नाकडे बोट दाखवण्यास पुरेशी ठरली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तपासणीत घरातील मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी व मोठ्या प्रमाणात अफ्लाटॉक्सिन आढळले. बाधित व्यक्तींच्या पोटात सुमारे महिनाभर दररोज २ ते ६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन जात असावे, असा अंदाज १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मांडण्यात आला. पीक काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला होता, धान्य वाळवण्यास व साठवण्यास धड जागा नव्हती आणि मका हेच या समाजाचे मुख्य अन्न होते. साथ या आदिवासी कुटुंबांपुरतीच मर्यादित राहिली.

४.३ गहू : काश्मीर, १९८७

काश्मीर खोऱ्यात १९८७ मध्ये पावसात भिजून बुरशी आलेल्या गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाल्ल्यानंतर पोट फुगणे, पोटदुखी, घशात जळजळ, अतिसार व उलट्या अशी लक्षणे अनेकांत दिसली. तपासणी झालेल्यांपैकी ९७ व्यक्तींत ही बाधा निश्चित झाली. लक्षणे खाल्ल्यापासून पंधरा मिनिटे ते एक तासात सुरू होत. गव्हाच्या नमुन्यांत डीऑक्सिनिव्हॅलेनॉल व त्याच गटातील अन्य विषे सापडली.

४.४ ज्वारी व मका : दख्खनचे पठार, १९९५

१९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पोटदुखी, पोटात गुरगुर व अतिसार यांचा उद्रेक झाला. रमेश भट व सहकाऱ्यांनी ५० गावांची पाहणी केली. त्यांपैकी २७ गावांत बाधा आढळली. पावसात भिजलेली बुरशीयुक्त ज्वारी वा मका खाणाऱ्यांनाच त्रास झाला होता व ही कुटुंबे समाजाच्या गरीब थरातील होती. बाधित घरांतील ज्वारीत प्रतिकिलो ७.८ मिलिग्रॅमपर्यंत, तर मक्यात ६४.७ मिलिग्रॅमपर्यंत फ्युमोनिसिन बी-१ आढळले. बाधा न झालेल्या घरांतील धान्यात हे प्रमाण अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली होते. गाव तेच आणि पाऊसही तोच. फरक होता तो प्रत्येकाच्या घरातील धान्याचा.

५. चार उद्रेकांतील समान सूत्र

या चारही घटनांत पीक वेगळे आहे, बुरशी वेगळी आहे, विषही वेगळे आहे. तरीही त्यांच्यामागील परिस्थितीत लक्षणीय साम्य आढळते.

पहिले साम्य म्हणजे हवामान. बुरशीच्या वाढीस ओलावा लागतो व विष तयार होण्यास ओलाव्याबरोबर उबही लागते. फुलोऱ्यात पडणारा पाऊस व ढगाळ हवा बाजरीवरील अरगटला पोषक ठरते. अन्य तीन घटनांत पक्व झालेले धान्य पावसात सापडले होते. महाराष्ट्रात हाच धोका परतीच्या पावसाच्या रूपाने दरवर्षी उभा असतो. खरीप ज्वारी, बाजरी व मका यांची काढणी आणि हा पाऊस यांची गाठ पडली की कणसे काळी पडतात. रब्बी ज्वारी कोरड्या हवेत पक्व होत असल्याने तिला या रोगाची झळ सहसा लागत नाही. पूर्वीचे उंच वाढणारे खरीप वाण पावसाळा सरल्यावर पक्व होत. १९६० च्या दशकात आलेले लवकर तयार होणारे संकरित वाण मात्र पाऊस चालू असतानाच दाणे भरू लागले आणि ज्वारीच्या दाण्यावरील बुरशी हा मोठा प्रश्न बनला. उत्पादन वाढवणाऱ्या बदलाने कापणीची तिथी बदलली व त्या तिथीबरोबर धोकाही बदलला.

दुसरे साम्य एकधान्यी आहाराचे. ज्या घरात भाकरीसाठी एकच धान्य असते त्या घरात त्या धान्यातील विषाची मात्रा रोज, प्रत्येक जेवणात आणि पूर्ण मापाने मिळते. अन्नधान्यात विविधता असलेल्या घरात तेच दूषित धान्य आले तरी मात्रा विभागली जाते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे साम्य गरजेचे आहे. काळी पडलेली ज्वारी चांगली नव्हे हे खाणाऱ्यास कळत नाही असे नाही. दाणा निवडणे, सुपात पाखडणे, वास घेऊन पाहणे ही पारख ग्रामीण स्त्रीकडे पिढ्यानुपिढ्यांची आहे. परंतु दुसरे धान्य विकत घेण्यास पैसे नसतील तर ही पारख निष्फळ ठरते. चांगले धान्य बाजारात जाते, कारण त्यालाच भाव मिळतो. भिजलेले घरात राहते, कारण त्यास गिऱ्हाईक नसते. १९७४ व १९९५ या दोन्ही घटनांमागे अज्ञानाइतकाच, किंबहुना अधिक, हा नाइलाज होता. अशीच परिस्थिती भारताबाहेरही दिसते. केनियाच्या पूर्व भागात २००४ मध्ये घरी पिकवलेला व ओलसर जागी साठवलेला मका खाऊन ३१७ जणांना अफ्लाटॉक्सिनची बाधा झाली व १२५ जण दगावले.

६. अल्प मात्रेचा अदृश्य भार

उद्रेक दिसतो, म्हणून त्याची नोंद होते. दररोज थोड्या मात्रेत जाणाऱ्या विषाचा परिणाम मात्र वर्षांनी प्रकट होतो व तो कोणत्याही एका घासाशी जोडता येत नाही.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९७ मध्ये यासंबंधी एक अंदाज मांडला. शरीराच्या प्रतिकिलो वजनास दररोज १ नॅनोग्रॅम अफ्लाटॉक्सिन मिळत असल्यास यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण एक लाख लोकांमागे ०.०१ ने वाढते. परंतु हिपॅटायटिस बी विषाणूचा संसर्ग असणाऱ्यांत ही वाढ ०.३ इतकी, म्हणजे तीसपट असते. विष व विषाणू यांचा असा मेळ पडला की धोका केवळ बेरजेने वाढत नाही.

भारतात तृणधान्यांतील एकूण अफ्लाटॉक्सिनची कायदेशीर कमाल मर्यादा प्रतिकिलो १५ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलो वजनाची व्यक्ती दररोज ४०० ग्रॅम धान्य खात असेल आणि ते धान्य बरोबर या मर्यादेवर असेल, तर तिच्या पोटात दररोज ६ मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रतिकिलो वजनास १०० नॅनोग्रॅम विष जाते. वरील अंदाजानुसार अशा लोकांत लाखामागे दरवर्षी १, व विषाणूबाधितांत ३० अधिक रुग्ण संभवतात. हे गणित ढोबळ आहे; तरी कायदेशीर मर्यादा म्हणजे पूर्ण निर्धोकता नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते. दुसऱ्या बाजूने पाहता १९७४ मधील दैनंदिन मात्रा या ६ मायक्रोग्रॅमच्या सुमारे ३३० ते १००० पट होती.

अल्प मात्रेचा संबंध बालकांच्या वाढीशीही आहे. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन व टोगो या देशांतील ४८० बालकांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळजवळ सर्वांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा आढळल्या, आणि ज्यांच्यात त्या अधिक होत्या त्यांची उंची व वजन वयाच्या मानाने कमी होते. आईचे दूध सुटून मुलाला धान्याची पेज वा खिमट सुरू होते तेव्हाच या खुणा वाढू लागतात, हे निरीक्षण कुपोषणाचा प्रश्न असलेल्या कोणत्याही समाजाने लक्षात घ्यावे असे आहे.

७. प्रतिबंध : शक्यता व मर्यादा

कवकविषांच्या बाबतीत स्वयंपाकघर हा अखेरचा व सर्वांत दुबळा तट आहे. अफ्लाटॉक्सिन सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. शिजणाऱ्या भाताचे वा भाकरीच्या आतील भागाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. त्यामुळे शिजवल्याने बुरशी मरते, पण विष फारसे कमी होत नाही. दळल्यानंतर तर खराब दाणा वेगळा काढण्याची संधीही संपते. म्हणून उपाय पिठाच्या आधी, दाण्याच्या अवस्थेतच करावे लागतात.

धान्य वेळेवर कापणे, कणसे जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर वा उंचवट्यावर वाळवणे, भिजलेला माल कोरड्या मालात न मिसळणे आणि साठवणीपूर्वी दाण्यातील ओलावा सुमारे १२ टक्क्यांपर्यंत आणणे हे मूलभूत उपाय होत. ओलावा मापक नसल्यास एक साधी कसोटी वापरता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य व चिमूटभर कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात सुमारे १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे व ते आणखी वाळवणे आवश्यक आहे, असे समजावे. अरगटग्रस्त बाजरीसाठी २० टक्के मिठाच्या पाण्याची पद्धत परिचित आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकल्यास हलक्या गाठी तरंगतात. त्या काढून टाकून तळाचे दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवतात.

दाणे निवडण्याचा उपयोगही मोठा आहे. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. किडके, फुटके, रंग बदललेले थोडेसे दाणेच बहुतांश विष बाळगून असतात. मात्र याच असमानतेमुळे तपासणी अवघड होते. पोत्यातील एका मुठीचा नमुना निर्दोष आला म्हणून पोते निर्दोष ठरत नाही. शिवाय वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकते, म्हणून निवडणे हे मात्रा घटवण्याचे साधन आहे, खात्रीचे नव्हे. काढलेले खराब दाणे जनावरांना वा कोंबड्यांना घालणे हाही उपाय नव्हे. त्या वाटेने विष दुधात उतरते, किंवा पशुधनाचे नुकसान होते.

कायद्याने मर्यादा घालून दिल्या आहेत. अफ्लाटॉक्सिनखेरीज गव्हातील डीऑक्सिनिव्हॅलेनॉलसाठी प्रतिकिलो १००० मायक्रोग्रॅम, दुधातील अफ्लाटॉक्सिन एम-१ साठी ०.५ मायक्रोग्रॅम आणि अन्नधान्यातील अरगटग्रस्त दाण्यांसाठी वजनाच्या ०.०५ टक्के ही मर्यादा आहे. परंतु हे मापन बाजाराच्या उंबरठ्यावर होते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या तरतुदी शेतकऱ्याला व त्याच्या शेतातील पिकाला लागू होत नाहीत. शेतकऱ्यावर कायद्याचा जाच नको, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा की, जे धान्य खळ्यावरून थेट घरातल्या कणगीत जाते ते कोणत्याही प्रयोगशाळेच्या वाटेवर येत नाही. निर्यातीच्या मालाची तपासणी सर्वांत कडक, देशी बाजारातील मालाची त्याहून सैल आणि घरच्या धान्याची मुळीच नाही, असा हा उतरता क्रम आहे. विषबाधेचा धोका मात्र नेमका याच्या उलट क्रमाने वाढत जातो.

या संदर्भात चीनमधील चिडोंग या भागाचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे मका हे मुख्य अन्न होते व यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण अतिशय मोठे होते. १९८० च्या दशकात धान्यव्यापारावरील निर्बंध सैल झाल्यावर लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागले. रक्तातील अफ्लाटॉक्सिनच्या खुणा झपाट्याने घटल्या आणि पुढील काळात यकृत कर्करोगाने होणारे मृत्यूही निम्म्याहून कमी झाले. हिपॅटायटिस बी लसीचा लाभ न मिळालेल्या पिढ्यांतही ही घट दिसली, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने स्पष्ट केले. लोकांना पर्यायी धान्य परवडू लागले, हेच येथे औषध ठरले. भारतात ही लस २०११ पासून देशभरातील नियमित लसीकरणात समाविष्ट आहे. तिच्यामुळे विष व विषाणू यांच्या जोडीतील एक दुवा तुटतो, पण दुसरा आहारातूनच तोडावा लागतो.

८. निष्कर्ष

१. कवकविषांची विषाक्तता केवळ रेणूच्या रचनेवर अवलंबून नसते. मात्रा, खाणाऱ्याचे वय, यकृताची स्थिती, सोबतचा संसर्ग आणि आहारातील विविधता यांवर तिचा परिणाम ठरतो.

२. भारतातील चार उद्रेकांत विषे निराळी असली तरी पावसात सापडलेले धान्य हा दुवा समान आहे. ज्या दोन घटनांत बाधितांची सामाजिक स्थिती स्पष्टपणे नोंदली गेली, तेथे दारिद्र्य व एका धान्यावरील भिस्त हीच बाधेची वाट ठरली.

३. कायदेशीर मर्यादा आवश्यक आहेत, परंतु त्या घरच्या धान्यापर्यंत पोहोचत नाहीत. गावपातळीवर धान्य वाळवण्याच्या सोयी, कोरडी साठवण आणि ओलावा तपासण्याची साधी साधने यांना अन्नसुरक्षेचा भाग मानणे गरजेचे आहे.

४. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झालेल्या भागात भिजलेल्या धान्याच्या बदल्यात चांगले धान्य रास्त धान्य दुकानांतून वेळेवर मिळण्याची व्यवस्था असावी. पंचनामा पिकाच्या नुकसानीचा होतो. त्याच भिजलेल्या पिकाची पुढे भाकरी होणार आहे, याचाही त्यात विचार व्हावा.

५. एकाच गावात माणसे व पाळीव जनावरे यांना एकाच वेळी कावीळ, जलोदर वा अतिसार झाल्यास आरोग्य यंत्रणेने पाण्याबरोबर धान्याचेही नमुने घ्यावेत.

बुरशी लागलेला दाणा ओळखण्याचे ज्ञान समाजात आहेच. तो दाणा बाजूला टाकणे परवडेल अशी स्थिती निर्माण करणे, हे विज्ञानाइतकेच शासन व समाज यांचेही काम आहे.